आवडत नसलेल्या माणसाची नखं

भुसावळ

चि. ताईस,

प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. एवढा लांब मेसेज तू पैसे मागायलाही कधी पाठवला नव्हतास, त्यामुळे प्रकरण साधं नाही हे लगेच लक्षात आलं. आईलाही वाचून दाखवला. तुझं म्हणणं असं, की सकाळी शास्त्र वाचतेस, जेवणाआधी प्रार्थना करतेस, ड्युटी नसली तर रविवारी उपासनेला जातेस, दशांशाचं पाकीट बाजूला ठेवतेस, पण यातलं काहीच आतून येत नाही. सवयीनं होतं. प्रेम नसताना देवाच्या आज्ञा पाळणं म्हणजे ढोंग, मग थोडे दिवस सगळं बंद ठेवावं का, असं तू विचारलंस.

फोनवर हे बोलणं झालं नसतं. तू 'हो हो आप्पा' म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक रोखठोक गोष्ट. लागोपाठ नाईट ड्युटी, दिवसा झोपेचं खोबरं, मेसचं जेवण अर्धं ताटात टाकलेलं. असल्या अंगाला भक्ती काय आणि दुसरं काय, कशाचीच गोडी लागत नाही. एलीया संदेष्टा आठव. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला माणूस, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढं ठेवलं, म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला, तर पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. बोलणं झालं ते पुढं होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर. तेव्हा तू आधी दोन दिवस नीट झोप. मग बघ या कोरडेपणातला किती भाग आत्म्याचा आहे आणि किती ड्युटी चार्टचा.

उरेल त्या भागाबद्दल आता बोलतो.

मी सगळी नोकरी रेल्वेत काढली. तिथं आज्ञा पाळणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. सिग्नल लाल असला की गाडी थांबते. ड्रायव्हरचं सिग्नलवर प्रेम आहे का, हे कोणी विचारत नाही, विचारायची गरजही नसते. प्रेमावाचून नियम पाळला तरी गाडी सुखरूप पोहोचते. देवाचंही असंच असतं, तर तुझा प्रश्न पडलाच नसता. तो पडला याचाच अर्थ तुला आत कुठेतरी माहीत आहे, की इथे मामला वेगळा आहे.

योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझ्यावर तुमची प्रीती असेल तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल. हे वचन आपण शब्बाथ शाळेत पाठ करतो आणि पाठ करता करता त्याची धमकी होऊन बसते. पाळशील तर प्रेम खरं, नाही तर खोटं! पण हे तो कधी बोलला ते बघ. शेवटच्या रात्री, जेवणाच्या पंगतीत. त्याच्या आधीचाच अध्याय उघडला की तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धूत असतो. यहूदाचेही धुतो, पेत्राचेही. एक त्या रात्री धरून देणार होता, दुसरा कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणणार होता. पाय धुऊन झाल्यावर तो आज्ञा देतो, मी तुमच्यावर केली तशी एकमेकांवर प्रीती करा. आधी त्याचं करून झालेलं आहे, मग आपल्याकडे मागणं आहे. हा क्रम उलटा झाला की धर्माचं ओझं होतं.

ओझं कसं होतं ते लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या थोरल्या भावात दिसतं. धाकटा बापाचा पैसा उधळून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, त्या गोष्टीतला थोरला. आपण सगळे धाकट्यावर प्रवचनं ऐकत वाढलो, थोरल्याकडे कोणी फारसं बघत नाही. माझं मात्र म्हातारपणी लक्ष त्याच्याकडेच जातं, कारण मंडळीत पहिल्या बाकावर आम्ही बहुतेक तेच बसलेले असतो. तो बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, एक आज्ञा मोडली नाही, आणि मला कधी एक करडूही मिळालं नाही. घरात राहून तो मजुराच्या हिशोबानं जगला. शेतात बापाचं काम करताना त्याचं लक्ष बापाकडे नव्हतं, स्वतःच्या हजेरीपटाकडे होतं. आणि भावाला तो भाऊसुद्धा म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो.

आता आईची गोष्ट. ती तुला स्वतः सांगणार नाही.

पलीकडच्या घरातली मावशी तुला माहीतच आहे. नळाच्या पाण्यावरून भांडायची, तुमचा चेंडू अंगणात गेला की परत द्यायची नाही, आपल्याकडे नाताळच्या गाण्यांची तालीम चालली की मुद्दाम टीव्ही मोठा करायची, तीच. गेल्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. मुलगा सुरतेला, सुनेला नोकरी. दिवसभर एक बाई येते, ती भात भरवते आणि मोबाईल बघत बसते. आई एकदा कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन गेली, ती तासाभरानं परत आली. दुसऱ्या दिवशी नेलकटर, कोमट पाण्याचा तांब्या आणि माझं जुनं मऊ धोतर फाडून काढलेला तुकडा घेऊन पुन्हा गेली. बरोबर मीही गेलो, उचलाउचलीला लागलो तर म्हणून.

तू नर्स आहेस, तुला सांगायला नको. मावशीच्या डाव्या हाताची मूठ आवळून बसली होती आणि वाढलेली नखं तळहातात रुतली होती. आईनं आधी हात पाण्यात धरला. मग अंगठा, मग एकेक बोट, घाई न करता सोडवलं. मूठ उघडली तशी वास आला, मी तोंड फिरवलं. आईनं तळहात पुसला, नखं कापली, टाल्कम लावली आणि धोतराच्या तुकड्याची गुंडाळी करून मुठीत ठेवली. मावशी सगळा वेळ शिव्या देत होती. जीभ जड झाली तरी शिव्या स्पष्ट येतात, हे नवलच आहे.

परत येताना मी विचारलं, तुला आता ती आवडायला लागली का? आईची अहिराणी अशा वेळीच बाहेर येते. म्हणाली, "माले ती आवडत नही. पन तिना नखं वाढी गयात ना!"

ताई, मी तीस-चाळीस वर्षं प्रवचनं ऐकली, पण शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा याहून नेमका खुलासा मला मिळालेला नाही. आईनं स्वतःच्या मनात डोकावून प्रेम किती अंश भरलंय ते बघितलं नाही. तिची नजर त्या मुठीवर होती. आज्ञा पाळून आपण किती चांगले ठरलो, हेही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मंडळीत तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, आणि मी तुला लिहितोय हे कळलं तर मला बोलणी बसतील.

आता तू लगेच म्हणशील, म्हणजे भावना असो नसो, काम करत राहायचं, झालं! नाही, एवढं सोपं करू नको. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल असंही म्हणतो, की सगळी मालमत्ता गरिबांना वाटली, देह जाळायला दिला, आणि प्रीती नसली, तर काही लाभ नाही. म्हणजे नखं कापण्याचं कामही प्रेमावाचून होऊ शकतं. पगारी बाईही कधीमधी कापतेच की. मग आईमध्ये काय वेगळं आहे? मला वाटतं, आपल्याला कुणीतरी असंच, न आवडण्यासारखे असताना, हातात धरलं आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्यानं आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो, हे योहानाचं वाक्य तिला नुसतं पाठ नाही. तिला ते रोज आठवतं असंही नाही. पण ती त्याच्यावर उभी आहे.

आणि हे पक्कं ठाऊक होईपर्यंत सगळं बंद ठेवावं का? त्याला पंडिता रमाबाईंकडे उत्तर आहे. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सात-आठ वर्षं लागली. एवढ्या मोठ्या विदुषीला! त्या मधल्या वर्षांत त्या हात बांधून बसल्या नाहीत. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते याच काळात. पुढं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यांना भूक पुस्तकातून माहीत नव्हती. (त्या मुलुखातून केडगावला यायची रेल्वेची वाट भुसावळ, मनमाड, दौंड अशी. रेल्वेवाल्याच्या डोक्यात हे येतंच.) आधी मन भरू दे, मग करीन, असं त्या म्हणाल्या असत्या तर शारदा सदन उभंच राहिलं नसतं.

म्हणून बंद काही करू नको, पण ओझं मात्र हलकं कर. सकाळी तीन अध्याय वाचून एकही आठवत नसेल तर पाच ओळी वाच. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद गुणगुण. उसन्या शब्दांनी प्रार्थना होत नाही असं कोणी सांगितलं? आणि देवाला खोटं काही बोलू नको. 'आज तुझ्यावर प्रेमबीम काही वाटत नाही' हे त्याला सरळ सांगायला हरकत नाही. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडू बोलून ठेवलंय.

राहता राहिल्या तुझ्या इनचार्ज सिस्टर. त्यांच्यावर प्रीती कशी करायची हे तू शेवटी विचारलंस, थोडं टोमण्यात. त्यांना गोड हसून दाखवू नको, ते त्यांनाही कळेल. त्या तुला मुद्दाम जास्तीच्या नाईट लावत असतील तर मेट्रनकडे लेखी दे, त्यात प्रीती आड येत नाही. फक्त अर्जात जे घडलं तेवढंच लिही, पाठीमागे त्यांची टिंगल नको. आणि त्यांचे गुडघे दुखतात असं तूच लिहिलं आहेस. वरच्या मजल्यावरच्या स्टोअरमधून सामान आणायचं असतं तेव्हा तू जात जा. त्या आवडायची वाट बघू नको.

नाताळला सुट्टी मिळाली तर आधी कळव, तिकिटाचं बघावं लागेल. बामणोदची वांगी आता चांगली येताहेत, तू आलीस की काड्यांवर भाजू. मावशीकडे आई एक दिवसाआड जाते. परवा विचारत होती, ती मूठ अजून सैल व्हावी म्हणून रोज कोणता व्यायाम द्यायचा. ते तेवढं नीट विचारून सविस्तर कळव, चित्र काढून पाठवलंस तर उत्तम.

तुझे,
आप्पा