अंगणाचा खड्डा आणि छताचा पोपडा

भुसावळ, २८ मे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सांगण्यावरून परवा चोपड्याला जाऊन तुमचे घर पाहून आलो. अंगणातील काँक्रीट खचले आहे, त्यावर दोन इंचांचा नवा थर टाकून पातळी सारखी करावी काय, एवढेच तू विचारले होतेस. माझे उत्तर नको असे आहे. परंतु अंगणापेक्षा मला माजघरावरच्या स्लॅबची काळजी अधिक वाटली, म्हणून पत्र थोडे लांबेल.

अंगणाचा न्हाणीकडचा कोपरा सुमारे दीड इंच खाली गेला असून त्याचा उतार आता घराच्या भिंतीकडे झाला आहे. मी काठीने ठोकत गेलो, तर तुळशीजवळ आवाज टणक येतो आणि कोपऱ्यात रिकाम्या मडक्यासारखा. कडेची माती उकरली तेव्हा काँक्रीटखाली माझा पंजा मनगटापर्यंत आत गेला. आपली तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, हे शेतात आपण लहानपणापासून पाहतो, पण घरही त्याच जमिनीवर उभे असते हे विसरतो. त्यात गच्चीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात मोकळा सोडलेला असल्यामुळे पाणी भेगेतून उतरून भरावाची माती धुऊन नेत आहे. तो भराव धुमसाने नीट दाबलेलाही नसावा. वर नवा थर टाकलास तर पोकळीवरचे ओझे तेवढे वाढेल. त्यापेक्षा पाइप गटारापर्यंत ने, तेवढा कोपरा फोडून मुरूम थराथराने पाणी मारून धुमसून घे आणि नवे काँक्रीट घरापासून बाहेरच्या बाजूस, दर १० फुटांस निदान सव्वा इंच, उतार देऊन टाक. बाकीच्या अंगणातील केसासारख्या भेगांसाठी पैसे घालवू नकोस.

आता माजघर. तेथे छताचा ताटाएवढा पोपडा पडला असून दोन सळया उघड्या दिसतात. एकीला नखाने खरवडले तर गंजाचे पापुद्रे हातात आले. चांगल्या काँक्रीटचा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, गुण सळईला गंजू देत नाही. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की तो गुण नाहीसा होतो, आणि मग ओल मिळताच गंज धरतो. गंज मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून रेटले जाऊन खाली पडते. तुमच्या सळयांखाली जेमतेम अर्धा इंच काँक्रीट आहे; तेथे २० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पाऊण इंच तरी हवे होते.

मिस्त्री म्हणेल, गिलावा मारून देतो. माझ्या घरी मीही मिस्त्रीचे ऐकून तसेच केले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात तो गिलावा आणखी मोठा तुकडा सोबत घेऊन मांडलेल्या पाटावर पडला, आणि आम्ही जेवायला बसायला उशीर केला म्हणून वाचलो. सैल झालेले सगळे काँक्रीट फोडून, सळया मागच्या बाजूनेही मोकळ्या करून, तारेच्या ब्रशने चकचकीत घासून, गंजरोधक लेप लावून मगच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर रसायन घातलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण, भरावे लागते. सळई फारच बारीक झाली असेल तर जोडीला नवी द्यावी लागेल. तो निर्णय मिस्त्रीचा नव्हे, इंजिनिअरचा.

आणखी एक गोष्ट पाहून मी चरकलो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी नेमकी त्याच जागेवर आहे, म्हणजे भरली की एक टनाचे ओझे, आणि तिच्या गळक्या नळाची ओल बरोबर खालच्या सळयांवर. टाकी मी तूर्त रिकामी करून ठेवली आहे. ती भिंतीच्या डोक्यावर येईल अशी सरकवायला हवी.

आपल्या वाडवडिलांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, मृगाआधी दरवर्षी खारी माती पसरली जाई. स्लॅब आल्यावर आपण गच्चीवर चढतो ते फक्त कुरडया वाळवायला. तुमच्या गच्चीवरील पाण्याची वाट पाल्यापाचोळ्याने बुजली होती, ती मी मोकळी केली.

छताची दुरुस्ती पावसाळ्यानंतर, स्लॅब पूर्ण वाळल्यावरच कर. तोपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये, असे काकूंना मी सांगितले आहे. त्या ऐकतील असे दिसत नाही, तेव्हा तूच फोन कर.

तुझा,
बालमित्र