मे महिन्यातल्या रुग्णाला जानेवारीतले रक्त कसे मिळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यामुळे रक्तपेढ्यांत खडखडाट असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. एप्रिल सरत आला की दरवर्षी ही बातमी येते, रक्तदानाचे आवाहन होते, घाईघाईने चार शिबिरे भरतात आणि पावसाबरोबर विषय वाहून जातो. मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा कामगार आहे आणि तरुणपणापासून नियमित रक्त देतो. माझा गट बी पॉझिटिव्ह. आपल्याकडे सर्रास आढळणारा, त्यामुळे त्याला मागणीही तेवढीच. महाराष्ट्र रक्तसंकलनात देशातल्या आघाडीच्या राज्यांपैकी आहे. तरीही मे महिन्यात थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एका रक्तपेढीतून दुसरीत फिरावे लागते. याचे मोठे कारण म्हणजे आपण रक्त देतो ते आपल्या सोयीच्या तारखांना.

२६ जानेवारी, शिवजयंती, १५ ऑगस्ट, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन आणि त्यांच्या जोडीला नेत्यांचे वाढदिवस. या दिवशी एकेका तालुक्यात पाच-सहा मंडप उभे राहतात. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, मीही अशा मंडपांत रक्त दिले आहे. पण रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहे. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. वर्षभर टिकतो तो फक्त गोठवलेला प्लाझ्मा. म्हणजे २६ जानेवारीला दिलेल्या रक्तातल्या लाल पेशींची मुदत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपते. एकाच दिवशी गरजेपेक्षा जास्त पिशव्या जमल्या तर त्यातल्या काही मुदत संपून टाकून द्याव्या लागतात, आणि मे उजाडतो तेव्हा कपाट रिकामे असते. तेव्हा महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, त्यामुळे राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे बंद. नोकरदार गावी गेलेले. उन्हात मंडप टाकायला मंडळेही तयार नसतात. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. बाळंतपणातला रक्तस्राव आणि महामार्गावरचे अपघात सुट्टी पाहून होत नाहीत.

दात्याच्या बाजूने हिशेब मांडला तर तो फार सोपा आहे. पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, स्त्रीला १२० दिवसांनी. ज्याने २६ जानेवारीला मंडपात रक्त दिले, त्याची पुढची पाळी २६ एप्रिलला येते, अगदी टंचाईच्या तोंडावर. त्यानंतरची २५ जुलैला, म्हणजे डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात आणि प्लेटलेटसाठी धावपळ सुरू होते तेव्हा. चौथी २३ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आसपास, जेव्हा पुन्हा सगळे गावी जातात आणि शिबिरे थांबतात. प्रजासत्ताक दिनाच्या दात्यांपैकी काहींनी जरी पुढच्या तीन पाळ्या जवळच्या रक्तपेढीत जाऊन पाळल्या, तरी वर्षातले हे तिन्ही खड्डे बऱ्यापैकी भरतील. नवे दाते शोधायची गरज आहेच, पण जे एकदा येऊन गेले त्यांना पुन्हा कोणी बोलावतच नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

बोलावत नाही, हे जवळजवळ शब्दशः खरे आहे. माझे नाव-नंबर निरनिराळ्या शिबिरांत, निरनिराळ्या रक्तपेढ्यांच्या अर्जांवर लिहिलेले आहेत. तुमचे ९० दिवस पूर्ण झाले, या, असा निरोप मला क्वचितच आला असेल. याउलट बॉम्बे रक्तगट पाहा. तो १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधला. तो अतिशय दुर्मीळ असल्यामुळे त्याच्या दात्यांच्या याद्या काळजीने सांभाळल्या जातात आणि एका फोनवर माणसे दुसऱ्या गावाहून रक्त द्यायला येतात. ही शिस्त ओ आणि बी पॉझिटिव्हवाल्यांसाठी का असू नये? आम्ही तर त्याच शहरात, दोन-चार किलोमीटरवर राहतो.

स्वतःहून रक्तपेढीत जाणाऱ्याचा अनुभवही सुधारायला हवा. एकदा कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी थेट एका रक्तपेढीत गेलो, तर दाते घेण्याची वेळ संपली आहे, रविवारी अमुक ठिकाणी शिबिर आहे, तिकडे द्या, असे सांगण्यात आले. तिथल्या तंत्रज्ञांवर माझा राग नाही. कमी माणसांत ते तपासणी, रक्ताचे घटक वेगळे करणे, क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का ते पाहणे) आणि रात्रीची ड्युटी सांभाळतात. पण कारखान्यातला माणूस दुपारनंतर मोकळा होतो आणि दुकानातला रविवारी. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी दात्यांसाठी एक खाट आणि एक माणूस राखून ठेवला, तर आमच्यासारखे कितीतरी जण येतील. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रक्तदानासाठी वर्षातून ४ वेळा विशेष नैमित्तिक रजा मिळते. आमच्या वसाहतीतल्या कंपन्यांनी पूर्ण दिवस नको, दोन तासांची सवलत दिली तरी पुरे.

आता भेटवस्तूंबद्दल. शिबिरांत हेल्मेट, बॅग, मिक्सर देण्याची चढाओढ लागते, तिचा मला मनापासून विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्यामागे रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार होता. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. तरीही संसर्ग अगदी ताजा असेल तर काही दिवस तो तपासणीत सापडत नाही. त्या काळात रुग्णाला वाचवतो तो दात्याचा खरेपणा, म्हणजे अर्जावरच्या प्रश्नांना त्याने दिलेली खरी उत्तरे. मिक्सरच्या ओढीने रांगेत उभा राहिलेला माणूस गेल्या महिन्यातला आजार सांगेल का? ९० दिवस व्हायच्या आत पुन्हा रक्त देतोय, हेदेखील तो कदाचित लपवेल. चहा, बिस्किट आणि प्रमाणपत्र पुष्कळ झाले. वस्तूंवर खर्च होणारा पैसा मंडळांनी पुढच्या पाळीची आठवण करून देणाऱ्या फोनवर खर्च करावा.

रुग्णालयांत ‘आधी दाता आणा, मग पिशवी न्या’ हे अजून ऐकू येते. बदली रक्ताची ही पद्धत हळूहळू बंद व्हावी, असे २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात आहे. ज्याचे माणूस आत अत्यवस्थ आहे त्याने परक्या शहरात दाता कुठून आणायचा? मध्यरात्री मोबाइलवर फिरणारे ‘तातडीने बी पॉझिटिव्ह हवे’ असे संदेश यातूनच जन्मतात. (संदेश पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्यावर तारीख आणि वेळ टाका. महिन्यांपूर्वीच्या संदेशावरचे फोन त्या घरात अजून वाजत असतात, आणि तो रुग्ण वाचलेला असतोच असे नाही.) शिवाय धावत आलेल्या दात्याचे रक्त त्या रुग्णाला ताबडतोब चढवता येत नाही, कारण तपासण्यांना काही तास जातात. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णाला जीवदान मिळते ते आधीच तपासून शीतकपाटात ठेवलेल्या पिशवीतून. ती कोणा अनोळखी माणसाने आठवड्यापूर्वी, काहीही निमित्त नसताना दिलेली असते. नियमित दात्याचे महत्त्व एवढ्यासाठी आहे.

अशक्तपणा येतो, ही भीती अजून गेलेली नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते, त्यातले ३५० किंवा वजन बसत असेल तर ४५० मिलिलिटर घेतात. द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात, म्हणून तर ९० दिवसांचे अंतर. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ आणि पोट रिकामे नको, या मुख्य अटी.

हिमोग्लोबिनची अट आली की मला आमच्या घरातल्या आणि शेजारच्या बायका आठवतात. हौसेने शिबिराला जातात आणि ‘कमी आहे’ एवढे ऐकून परत येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा बाईला नुसते परत पाठवणे म्हणजे हाती आलेली संधी घालवणे. तिचा आकडा कागदावर लिहून द्या, लोहाच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. ती दाता होवो न होवो, तिची तब्येत तरी सुधारेल.

संपादक महोदय, एक काम आपल्या हातातले आहे. पावसाळ्यात आपण गंगापूर, दारणा या धरणांचा साठा रोज छापता आणि आम्ही तो पेपर उघडल्याबरोबर वाचतो. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, याची माहिती ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर मिळते. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांचा गटवार साठा आणि दाते घेण्याच्या वेळा यांची छोटी चौकट दर शनिवारी छापावी, म्हणजे रविवारी मोकळ्या असणाऱ्या माणसाला कुठे जायचे ते कळेल. सुरुवात याच महिन्यात करता आली तर फार बरे होईल.

आपला,
एक नियमित रक्तदाता
सिन्नर, जि. नाशिक