अण्णांचा डबल बास

नौपाडा, ठाणे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी आवाज चढवला, ते तुझ्या आईला आवडले नाही आणि रात्री झोपताना मलाही आवडले नाही. "इमारत पाडायला घेण्याआधी डबल बास विकून टाका, येईल ती किंमत घ्या," असे तू म्हणालास. त्यातले "येईल ती" मला खटकले. तुला पैशांची निकड आहे का, हे विचारायचे नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

गेले चार दिवस ते व्हायोलिनच्याच जातीचे, पण माणसाएवढे उंच धूड दिवाणावर आडवे घालून मी तपासतो आहे. एका हॉटेलातल्या बँडच्या गोवेकर वादकाकडून अण्णांनी ते घेतले आणि जन्मभर त्याला "विलायती" म्हटले, एवढाच आपल्याकडचा पुरावा. बॅटरीच्या उजेडात एफच्या आकाराच्या छिद्रातून आत पाहिले, तर चिठ्ठीवरचे कारागिराचे नाव झुरळांनी खाल्लेले आणि खाली नुसते "जर्मनी" शिल्लक. अर्थात नाव असते तरी मी हुरळलो नसतो, कारण कारखान्यांत बनलेल्या असंख्य व्हायोलिनांच्या पोटातही स्ट्राडिव्हेरियस या जगप्रसिद्ध इटालियन कारागिराच्या नावाच्या चिठ्ठ्या सापडतात. मालावर देशाचे नाव घालण्याची रीत ब्रिटिशांच्या 1887 च्या कायद्यानंतर रुळली आणि 1949 मध्ये जर्मनीची दोन राष्ट्रे झाली. चिठ्ठीवर पूर्व किंवा पश्चिम असे काही नाही, म्हणून वाद्य त्याआधीचे असावे असा माझा कयास आहे, खात्री नव्हे. सॅक्सनीतले मार्कनॉयकिर्शेन आणि बव्हेरियातले मिटेनवाल्ड, ही दोन्ही गावे तंतुवाद्यांचीच. यातले कोणते, ते जाणकाराने हातात घेऊनच सांगावे.

किमतीच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की छिद्राच्या कडेला प्लायवुडचे थर दिसत नाहीत, लाकडाच्या रेषा वरून थेट कडेत उतरतात. म्हणजे पुढची फळी अखंड स्प्रूसची, कोरून काढलेली आहे. शिकागोच्या "के" नावाच्या कंपनीचे बास प्लायवुडचे असत, ते दमट हवेतही तग धरत. आपल्या वाद्याचा सरस मात्र पावसाळ्यात सुटू लागे, म्हणून अण्णा जूनपासून त्याच्याजवळ चाळीसचा दिवा जळता ठेवत आणि विजेच्या बिलावरून आजीची बोलणी खात. ताडदेवच्या रेकॉर्डिंगला ते लोकलच्या सामानाच्या डब्यातून न्यायचे, तेव्हा मासळीच्या टोपल्यांपासून त्याला वाचवायला मी बरोबर असे. पुढे कीबोर्ड आले, बोलावणी थांबली, तरी दिवा चालूच राहिला. तू दहा वर्षांचा असताना स्टुलावर चढून चारही तारा कानाने जुळवल्यास, तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, पण खाली जाऊन अर्धा किलो पेढे घेऊन आले.

दोष लपवणार नाही. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीखाली, आतला खांब टेकतो त्याच ठिकाणी, पुढच्या फळीला जुनी चीर आहे, आणि मान एकदा तुटून सांधलेली आहे. दोन्हींमुळे किंमत बरीच उतरते. म्हणूनच विम्यासाठी काढलेली किंमत वेगळी आणि दुकानदार रोख हातावर ठेवतो ती वेगळी, हे ध्यानात घे. गरजू माणसाने विकायला नेलेल्या वस्तूचे मोल घेणारा ठरवतो, आणि दोन वर्षांपूर्वी त्या गाडीच्या वेळी तू नेमके हेच केलेस, मला न विचारता... पुन्हा प्रवचन सुरू झाले. तुझे वय आता चौतीस आहे, हे मी विसरतो, त्याबद्दल माफ कर.

पण कर्ज असेल तर आकडा सांग. गेल्या वेळी तो मला काकांकडून कळला, ते दुखणे अजून आहे. माझी एक ठेव मार्चमध्ये सुटते आहे.

फोटो काढले आहेत: शीर्षाची गुंडाळी, चिठ्ठी, चीर, मान. तुझ्या गिऱ्हाइकाला ते आत्ताच पाठवणार नाही. आधी वाद्य दुरुस्त करणाऱ्या दोघांना वेगवेगळे दाखवू, त्यातल्या एकाला तरी विकत घेण्यात रस नसावा. फोन रात्री साडेनऊनंतर कर; आई तोवर झोपलेली असते, आणि ठेवीचे तिला अजून सांगितलेले नाही.

तुझा,
बाबा