टेनिसचा पहिला क्लब विम्बल्डनचा नव्हे

मा. संपादक यांस,

महोदय, विम्बल्डन स्पर्धेच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर आलेल्या लेखात लॉन टेनिसचा इतिहास १८७७ पासून, म्हणजे तेथील पहिल्या स्पर्धेपासून सांगितला आहे. स्पर्धेपुरते ते बरोबर आहे. परंतु टेनिस क्लबांचा इतिहास त्याआधी पाच वर्षे, इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा या गावी सुरू झाला, आणि त्या गावाचा लेखात साधा उल्लेखही नाही.

बर्मिंगहॅमचे वकील हॅरी जेम आणि मूळचे स्पेनचे व्यापारी ऑगुरिओ पेरेरा हे दोघे मित्र १८६० च्या सुमारास एजबॅस्टन उपनगरात पेरेरांच्या घरच्या हिरवळीवर रॅकेट व रबरी चेंडू घेऊन एक नवा खेळ खेळून पाहत होते. राजेरजवाड्यांचे जुने टेनिस चार भिंतींच्या आत, कठीण जमिनीवर खेळले जाई आणि त्याचा भरीव चेंडू गवतावर धड उसळत नसे. व्हल्कनाइज केलेल्या, म्हणजे गंधकासह तापवून लवचीक व टिकाऊ बनवलेल्या, रबराचा चेंडू मिळू लागला, तेव्हाच हा खेळ अंगणात येऊ शकला. पुढे दोघेही लेमिंग्टनला राहायला गेले आणि १८७२ मध्ये तेथील रुग्णालयातले दोन डॉक्टर, फ्रेडरिक हेन्स व आर्थर टॉमकिन्स, यांना बरोबर घेऊन त्यांनी मॅनर हाउस हॉटेलच्या हिरवळीवर क्लब काढला. जगातील पहिला लॉन टेनिस क्लब तो हाच मानला जातो.

श्रेय मात्र बरीच वर्षे मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांच्याकडे गेले, कारण १८७४ मध्ये पेटंट त्यांनी घेतले. जाळे, रॅकेट व चेंडू एका पेटीत घालून विकण्याची त्यांची युक्ती नसती, तर हा खेळ इतक्या लवकर देशोदेशी पोहोचला नसता, हे मान्य करायलाच हवे. त्यांचे डमरूसारखे मध्ये निमुळते मैदान मात्र टिकले नाही. विम्बल्डनने १८७७ मध्ये ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असे आयताकृती कोर्ट आखले आणि एकेरीसाठी आजही तेच माप आहे. विम्बल्डनचा क्लबही मुळात १८६८ चा, क्रोकेचा, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून मारण्याच्या खेळाचा, क्लब. टेनिसला तेथे जागा मिळाली ती १८७५ मध्ये.

त्याच वर्षी एजबॅस्टनमधील धनुर्विद्येच्या एका जुन्या मंडळानेही टेनिस सुरू केले. लेमिंग्टनचा क्लब राहिला नाही, पण १८६० मध्ये स्थापन झालेले हे मंडळ अजून चालू आहे आणि हयात असलेल्या टेनिस क्लबांत ते सर्वांत जुने समजले जाते. १८८४ मध्ये विम्बल्डनची पहिली महिला विजेती ठरलेली मॉड वॉटसन याच परिसरातील स्पर्धांतून पुढे आली, ही गोष्टही मला बोलकी वाटते.

पुढील वर्षी या विषयावर लेख येईल तेव्हा त्यात जेम आणि पेरेरा यांची नावे असावीत, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे