आमची केबिन सांभाळणाऱ्या गोव्याच्या भावाला

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार.

तुझं नाव इथे लिहीत नाही. उतरायच्या आदल्या दिवशी अभिप्रायाचा जो फॉर्म भरून दिला, त्यात ते ठळक अक्षरांत लिहिलं आहे. त्या फॉर्मवर पाहुण्याने नाव घेतलं की उपयोग होतो, असं तुझ्याच एका सोबत्याने सांगितलं होतं. पण इथे चारचौघांत लिहायचं तर आधी माझी चूक लिहावी लागेल, आणि माझ्या चुकीला तुझं नाव चिकटायला नको. बोटीचंही नाव नको. तुला ओळख पटेल. भूमध्य समुद्रातली ती सफर: जिनोआ, चिविताव्हेक्किया, पालेर्मो, मग माल्टाचं व्हॅलेटा, बार्सिलोना, मार्से आणि परत जिनोआ. ब्याऐंशी वर्षांची आई, तिची नथ, आणि मी. तुला ‘तू’ म्हणते, कारण पहिल्याच दिवशी तू म्हणालास, “ताई, अहोजाहो नको. घरी कोणी तसं बोलत नाही.”

भाचीचं लग्न म्युनिकला झालं. लग्न म्हटल्यावर आईने पाटल्या, ठुशी, तन्मणी आणि बसऱ्याच्या मोत्यांची नथ बरोबर घेतली. नथ तिच्या सासूबाईंची. निघताना मुंबई विमानतळावर कस्टमच्या खिडकीशी दागिने दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेटही घेतलं होतं, परत येताना विचारणा नको म्हणून. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढला होता. एवढी काळजी घेणाऱ्या आम्ही दोघी, आणि लग्नानंतर पोरांनी सात रात्रींची समुद्रसफर भेट दिली तेव्हा ते सोनं बोटीवर कुठे ठेवायचं, याचा विचार आमच्या मनातही आला नाही.

केबिनचं दार उघडून तू आत आलास, आईच्या साडीकडे बघून थबकलास आणि मराठीत विचारलंस, “प्रवास बरा झाला?” आईचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेले नाही. दोन आठवडे ती जर्मन, इंग्रजी आणि खुणांवर जगत होती. मग तू कपाट उघडून तिजोरी दाखवलीस. चपलांच्या खोक्याएवढी, आकड्यांची, भिंतीला पक्की बसवलेली. आधी दार उघडं ठेवूनच नंबर टाकून बघा, कड्या बाहेर येतात का, परत आत जातात का, आणि मगच सामान ठेवा, हे तू करून दाखवलंस. आईने मोठ्याने आपलं जन्मसाल म्हटलं, एक-नऊ-चार-तीन. तू झटकन पाठ फिरवून खिडकीकडे बघत उभा राहिलास. “आई, मला ऐकवू नका. आणि जन्मसाल नको. ते तर पासपोर्टवर छापलेलं असतं.”

आई म्हणाली, “तुझ्यापासून काय लपवायचं? तू घरचाच.”

सगळं बिघडलं ते या वाक्यापासून, आणि ते तर प्रेमाने बोललेलं. तुझ्यासमोर कुलूप लावलं तर तुला वाईट वाटेल, आपण संशय घेतो असं वाटेल, म्हणून आईने पाटल्या-ठुशी खणात साड्यांखाली ठेवल्या. तिजोरी रिकामीच राहिली. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. दुसऱ्या रात्री नटूनथटून जेवायला जायचं होतं. आईने नथ घातली. परतल्यावर ती काढून रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि उशीच्या अभ्र्यात सरकवली. एसटीने, रेल्वेने रात्रीचा प्रवास करताना तिने आयुष्यभर हेच केलंय. सकाळी पालेर्मो आलं, आणि कथीड्रल बघायच्या घाईत ती विसरून गेली.

दुपारी परत आलो तर पलंगावर नव्या चादरी, नवे अभ्रे. नथ नाही. आईला आठवेना कुठे ठेवली. खणात बघितलं, पर्समध्ये, औषधांच्या डब्यात. आणि मी रिसेप्शनला जाऊन म्हणाले की आमच्या केबिनमध्ये फक्त सफाई करणारा माणूस आला होता.

हे वाक्य मी म्हटलं. इतर कोणी नाही, मी. चौतीस वर्षं बँकेत काढलेली आणि त्यातली शेवटची अकरा लॉकर विभागात बसलेली बाई. लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची, एक खातेदाराची. आमची चावी फिरवून आम्ही बाहेर जायचो, आत काय आहे ते कधी बघायचं नाही, ही शिस्त माझ्या हाडात भिनलेली. एकदा एका बाईंनी लॉकरमधली बांगडी गेली म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं होतं. तीन दिवसांनी ती त्यांच्याच घरी पिठाच्या डब्यात निघाली. ते तीन दिवस मला घास गोड लागला नव्हता. आणि तरी मी त्या काउंटरवर उभी राहून ते म्हटलं.

सिक्युरिटीच्या साहेबांनी दाराच्या कुलपातली नोंद काढली. कुठलं कार्ड किती वाजता लागलं, ते सगळं त्यात असतं. सकाळी एकदाच तुझं कार्ड, नंतर थेट आमचं. तुला बोलावलं. तू आलास, हात मागे बांधून उभा राहिलास, आणि रागाचा एक शब्द काढला नाहीस. आईकडे बघून एवढंच विचारलंस, “आई, तुम्ही रात्री उशीत काही ठेवता का? माझी आजी ठेवायची. चंची, पैसे, सगळं उशीत.”

आईचा हात तोंडावर गेला.

तुझ्या मजल्यावरच्या सकाळच्या चादरींच्या थैल्या अजून खाली लॉन्ड्रीत उतरल्या नव्हत्या. तू त्यांना एकट्याने हात लावला नाहीस. साहेबांना बरोबर घेतलंस, त्यांच्यासमोर एकेक थैली उपसलीस, एकेक अभ्रा झटकलास. चौथ्या थैलीत गाठ लागली. मोत्याला लॉन्ड्रीचं गरम पाणी आणि पावडर मानवत नाही. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर शंभर वर्षांच्या त्या मोत्यांचं काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही. रुमाल तू स्वतः उघडला नाहीस. तो साहेबांकडून आईच्या हातात गेला, तिने गाठ सोडली, मोती मोजले, कागदावर सही झाली, आणि मगच तू थैल्या परत भरायला लागलास.

मी माफी मागितली तेव्हा तू जे म्हणालास, ते शब्दशः लिहिते. “ताई, तुम्ही कुलूप लावलं तर मला वाईट नाही वाटत. तुम्ही कुलूप लावलं की मला रात्री झोप लागते.”

एका मजल्यावर किती केबिनी, दिवसातून दोनदा प्रत्येक दार उघडायचं, आणि प्रत्येक दारामागे कोणी घड्याळ उघड्यावर टाकलेलं, कोणी नोटांची गड्डी टेबलावर. यातलं काहीही हरवलं की पहिलं बोट कुणाकडे जातं? नोकरी, पुढचं कॉन्ट्रॅक्ट, घरी जाणारा पगार, सगळं त्या एका बोटावर टांगलेलं. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं तारवटी, म्हणजे खलाशी, होऊन बोटीवर जातात, घरं त्यावर उभी राहतात. आपण ज्याला विश्वास म्हणतो त्याचं सगळं ओझं तुमच्या खांद्यावर जातं, हे मला साठी ओलांडल्यावर तू शिकवलंस. आईला ते माझ्याआधी कळलं. त्याच संध्याकाळी तिने सगळं सोनं तिजोरीत टाकलं आणि तू आलास तेव्हा अभिमानाने सांगितलं, “लावलं बरं का कुलूप. नंबर नाही सांगणार.”

व्हॅलेटानंतरचा पूर्ण दिवस समुद्रात होता. तुला वेळ कुठला, पण येता-जाता, टॉवेल ठेवता ठेवता तू आईला एकेक गोष्ट सांगत गेलास. त्या मी वहीत उतरवून घेतल्या, कारण माझ्या ओळखीतली निम्मी मंडळी आता निवृत्तीनंतर बोटीवर जातात आणि सगळ्यांच्या पर्समध्ये काही ना काही सोनं असतं. नंबर चुकला तर पुन्हा पुन्हा बडवत बसायचं नाही, तिजोरी स्वतःच काही वेळ बंद पडते. मग रिसेप्शनला सांगायचं, ते तुमच्यासमोर त्यांच्या यंत्राने उघडून देतात. केबिनचं कार्ड हरवलं तर लाजायचं नाही, त्याच मिनिटाला रद्द करून घ्यायचं, कारण दारही त्यानेच उघडतं आणि बोटीवरचा खर्चही त्यावरच चढतो. आणि केबिनचा नंबर लिहिलेला कागद कार्डाच्या पाकिटात ठेवायचा नाही. आईने नेमका तोच ठेवला होता.

पासपोर्टचं तू सांगितलंस ते मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. बंदरावर उतरताना झेरॉक्स घ्या, मूळ पासपोर्ट तिजोरीत राहू दे, पण अगदी पुढे, हाताला लागेल असा. कोणी वेळेत परत आलं नाही तर बोट थांबत नाही. तेव्हा बोटीवरची माणसं केबिनमध्ये जाऊन तिजोरी उघडतात आणि पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे देऊन जातात, म्हणजे मागे राहिलेल्याला निदान घरी तरी जाता येईल. आईने तेव्हाच आमचे दोन्ही पासपोर्ट पाटल्यांच्या डबीखालून काढून वर ठेवले.

आणि धोक्याच्या भोंग्याचं. सात छोटे आणि एक लांब. पहिल्या दिवशी ड्रिलमध्ये आम्ही तो ऐकला होता, पण तू परत बजावलंस की तो वाजला तर तिजोरीकडे वळूनसुद्धा बघायचं नाही. औषधं, गरम कपडा, लाइफ जॅकेट आणि थेट जमायच्या आपल्या ठरलेल्या जागेवर. आईने विचारलं, “आणि मंगळसूत्र?” तू म्हणालास, “ते गळ्यातच आहे की, आई.”

घरी आल्यावर मी तिकिटाच्या अटी वाचल्या. बँकेतली सवय. आधी वाचायला हव्या होत्या. समुद्रप्रवासी आणि त्यांच्या सामानाबद्दलचा १९७४ चा अथेन्स करार आहे, आणि त्याचे २००२ चे सुधारित नियम युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०१२ पासून लागू आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की पैसे, सोनं, दागिने यांची जबाबदारी बोटीवर नाही, सांभाळण्यासाठी म्हणून ते बोटीकडे रीतसर सोपवले असतील तरच आहे, आणि तेव्हाही माणशी ३,३७५ एसडीआरपर्यंतच. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रुपयांत चारेक लाखांच्या आसपास. केबिनमधल्या तिजोरीत ठेवणं म्हणजे सोपवणं नव्हे, असं आमच्या तिकिटावर वेगळं छापलं होतं. सोपवायचं तर रिसेप्शनला द्यायचं आणि पावती घ्यायची. सामान हरवलं तर उतरल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावं लागतं. वाचताना मला आमच्या लॉकरचे नियम आठवले. १ जानेवारी २०२२ पासून चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. तेव्हाही खातेदार माझ्याशी भांडायचे, “आत वीस लाखांचं सोनं आहे हो!” आणि मी शांतपणे नियम दाखवायची. आईचे दागिने खरं तर म्युनिकहूनच भावाबरोबर परत पाठवायला हवे होते. तो थेट पुण्यालाच निघाला होता. आता कोणी विचारलं तर मी हेच सांगते. लग्नाचं सोनं समुद्रावर नेऊच नका. गळ्यातलं एक पुरे.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या. तू धावतपळत आलास आणि विचारलंस, औषधं, पासपोर्ट, दागिने यातलं काही बॅगेत गेलं नाही ना, कारण बॅग आता थेट जिनोआच्या धक्क्यावरच भेटणार. मग आईला म्हणालास, तुमची एक चप्पल द्या, आणि ती तूच तिजोरीत ठेवायला लावलीस. “सकाळी एका पायात चप्पल घालून कोणी उतरत नाही. चप्पल काढायला तिजोरी उघडावीच लागते.” किती माणसं तिजोरीत दागिने विसरून जातात, आणि मग त्यांना शोधत तुमची किती धावपळ होते, हेही तेव्हाच कळलं.

तुला आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट होतं, आणि यंदाची चवथही, म्हणजे गणेशचतुर्थी, बोटीवरच गेली, असं तू बोलता बोलता सांगितलं होतंस. आईने ते लक्षात ठेवलंय. पुढच्या वर्षी तुझी चवथ घरी होईल का, हे ती मला विचारते, जशी काही मला ते कळणारच आहे. तुझ्या घरच्यांसाठी तिने पुडीत बांधून दिलेलं हळदकुंकू पोचलं असेल अशी आशा आहे.

निघायच्या सकाळी तू दारात उभा होतास. आईने तिजोरी उघडली, चप्पल काढली, डबी काढली, पासपोर्ट काढले, आणि रिकाम्या तिजोरीत तू एकदा आणि मी एकदा हात फिरवून बघितला. दार उघडंच ठेवलं. मग तू विचारलंस, “नथ घेतली ना, आई?”

तिने तुझ्याकडे वळून बघितलं. नाकात नथ होती. सकाळी साडेसात वाजता, प्रवासाच्या सुती साडीवर. तशीच ती जिना उतरून जिनोआच्या धक्क्यावर गेली.

तुझी ताई