एचएसआरपी बसवताना बंपर सांभाळा

महोदय,

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याचे काम राज्यभर सुरू झाल्यापासून मुदत, दर आणि अपॉइंटमेंट यांवर पुष्कळ चर्चा झाली. चारचाकीसाठी जीएसटी वगळून ७४५ रुपये हा दर आता बहुतेकांना पाठ आहे. पण पाटी बसण्याआधी पुढच्या बंपरवरचे, पाटी धरून ठेवणारे जुने ब्रॅकेट कसे काढतात, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. घाईत तिथे बंपर चिरला, तर रंगकामाचा खर्च पाटीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

आजच्या बहुतेक गाड्यांचा बंपर पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिकचा असतो आणि त्याची जाडी साधारण ३ मिलिमीटर. या प्लॅस्टिकवर रंग मुळातच नीट धरत नाही, म्हणून खाली खास प्रायमर द्यावा लागतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून ब्रॅकेट उचकटले की भोकाच्या कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग धुलाईच्या प्रत्येक फवाऱ्याने आणखी पसरतो. छिन्नी लावून रिव्हेट, म्हणजे ब्रॅकेट पक्के धरणारी धातूची खीळ, तोडण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. रिव्हेटच्या आधी भोकच फाटते.

सुरुवात पाण्याने करावी. ब्रॅकेटमागे साचलेली माती आणि वाळू धुऊन काढली नाही, तर ब्रॅकेट हलताच ती रंगावर कानसीसारखी घासते. मग चारही बाजूंनी मास्किंग टेप लावावी. स्क्रू गंजलेले असतील, तर गंज सोडवणारे तेल फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि खाचेत घट्ट बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने दाबून फिरवावे. सैल टोकाने खाच झिजली की पुढे ड्रिलशिवाय इलाज राहत नाही. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल, तर आतला प्लॅस्टिकचा नट सुटलेला असतो. अशा वेळी ब्रॅकेट किंचित पुढे ओढून धरत स्क्रू फिरवावा.

रिव्हेट असेल तर ड्रिलला पर्याय नाही. रिव्हेट ४ मिलिमीटरचे असेल तर ड्रिलचे बिट, म्हणजे भोक पाडणारे टोक, त्याच मापाचे घ्यावे, वेग कमी ठेवावा आणि फक्त डोके सुटेपर्यंतच भोक पाडावे. बऱ्याचदा रिव्हेटच बिटाबरोबर फिरू लागते. तसेच दाबत राहिलात तर घर्षणाच्या उष्णतेने भोवतीचे प्लॅस्टिक वितळते, भोक मोठे होते आणि नवी पाटी पहिल्या दिवसापासून खडखडते. तेव्हा थांबून डोके बारीक पकडीने धरावे. बिटाच्या टोकापासून १० मिलिमीटरवर टेपचा वेढा द्यावा, म्हणजे ते जास्त आत शिरणार नाही. काही गाड्यांत पाटी खालच्या जाळीवर येते आणि तिच्यामागे एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर असतो. त्याला बिट लागले तर गॅस गेलाच.

दुतर्फा टेपने चिकटवलेले ब्रॅकेट ओढू नये. हेअर ड्रायर सतत हलवत टेप कोमट करावी आणि मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी मागून फिरवावी. रंग खरवडायची हॉट-एअर गन इथे नको, तिच्याने रंगाला फोड येतात. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. थिनर लावला तर चकाकी जाते.

ब्रॅकेट शाबूत आणि पक्के असेल, तर ते उगाच काढू नये असे माझे मत आहे. बंपरमध्ये नवी भोके पाडण्यापेक्षा पाटी त्या ब्रॅकेटवर घट्ट बसवणे केव्हाही चांगले. काढायची असते ती जाड काठाची शोभेची फ्रेम आणि वरचे ॲक्रिलिक. तो काठ पाटीच्या डाव्या बाजूवर चढतो आणि अशोकचक्राचा होलोग्राम, ‘आयएनडी’ ही अक्षरे व खाली लेसरने कोरलेला क्रमांक यांतले काहीतरी झाकतो. पाटीची सुरक्षा ज्या खुणांवर आहे, त्याच दिसेनाशा होतात.

जुनी भोके नव्या पाटीखाली येत नसतील तर ती रबरी बुचाने बंद करावीत. मागच्या डिकीचा पत्रा लोखंडी असल्याने तिथे नव्या भोकाच्या कडेला प्रायमरचा हात हवाच. पाटी कायमची अडकवणारे स्नॅप लॉक एकदा बसले की मोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून ते दाबण्यापूर्वी मालकाने पाटी सरळ आहे ना हे समोर उभे राहून पाहावे. ब्रॅकेट निघाले म्हणून पाटी डॅशबोर्डवर ठेवून गाडी चालवणे नियमात बसत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

परिवहन विभागाने प्रत्येक फिटमेंट केंद्रावर कमी वेगाचे ड्रिल, योग्य मापाची बिटे आणि रबरी बुचे ठेवणे बंधनकारक करावे. काम सुरू होण्यापूर्वी बंपरचा फोटो काढून तो पावतीला जोडावा, म्हणजे नुकसान कोणाच्या हातून झाले यावर वाद राहणार नाही.

– वाहनांच्या बॉडीकामातील एक कारागीर, नाशिक