आमच्या पोहण्याच्या ताईंना

प्रिय ताई,

वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण महिला बॅचमध्ये आम्ही सगळ्याच तुम्हाला ताई म्हणतो, म्हणून इथेही तेच. येऊरला आमच्या घरचं मूल बुडता बुडता वाचलं, त्यानंतर मी फोनवर आभार मानले, पण तेवढ्याने समाधान होईना. शिवाय तुम्ही शिकवलेलं आमच्या बॅचबाहेरही पोचायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गुडघ्यांची झीज सुरू झाली आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच पायांवर येतो, हे तुम्ही सांगितलंत आणि ते लगेच जाणवलंही. गोखले रोडवरून स्टेशन गाठताना ठणकणारे गुडघे पाण्यात निमूट चालायचे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे बेडकासारखं पोहण्यात, पाय बाहेर फेकताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो, म्हणून मला तुम्ही बॅकस्ट्रोककडे, म्हणजे उताणं पोहण्याकडे, वळवलंत. पोहताना हाडांवर भार येत नाही, त्यामुळे रोजचं चालणं सोडू नका, हेही बजावलंत. दम वाढला, झोप लागायला लागली. त्याबद्दल आभार आहेतच.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे.

आम्हाला हात मारत पलीकडे जायची घाई. तुम्ही मात्र पाण्यात तोंड घालून श्वास सोडणं, उताणं तरंगणं आणि खोल पाण्यातून वळून काठ धरणं, हेच घोटून घेत राहिलात. मग काठावर बसवून सांगायचात: बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड जेमतेम पाण्याबाहेर येतं, हाक मारणार कुठून? हात हलवून बोलावणंही जमत नाही, कारण दोन्ही हात पाणी खाली दाबत असतात. मान मागे, शरीर उभं, पाय जागच्या जागी.

येऊरच्या बंगल्यात आमच्या घरचा कार्यक्रम होता. तिथल्या पोहण्याच्या तलावाभोवती मोठी माणसं गप्पांत. माझ्या पुतण्याचा मुलगा पाण्यात अगदी तसाच दिसला, शिडी चढतोय पण वर येत नाही असा. आवाज शून्य. शेजारी बसलेल्यांना तो खेळतोय असंच वाटलं. मी हाक मारली, उत्तर नाही. मला पोहता येत असूनही मी उडी मारली नाही, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच गच्च धरतो, हे तुम्ही किती वेळा सांगितलं होतंत! पाला काढायची लांब काठी भिंतीला टेकवलेली होती. काठावर पालथी पडून ती त्याच्या हाताशी नेली. त्याने पकडली. बाहेर काढल्यावर खोकला थांबेना, म्हणून त्याला लगेच डॉक्टरांकडे नेलं. आता तो ठणठणीत आहे.

त्या वेळी कुणीतरी त्याला उलटं धरून पोट दाबायला निघालं होतं. ते करायचं नाही, पोटातलं अन्नपाणी उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, हेही मला तुमच्यामुळेच ठाऊक होतं. श्वास बंद असता तर 108 ला फोन, आधी तोंडाने श्वास, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असा क्रम. ती वेळ आली नाही, पण क्रम डोक्यात तयार होता.

आपलं ठाणं तलावांचं शहर. पाऊस लागला की येऊरच्या ओढ्यांवर आणि तिकडे खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर बंदी असूनही पोरं जातात. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पोहण्याच्या तलावात शिकलेलं पोहणं त्या लोंढ्यात पुरत नाही, हे तुम्ही आमच्या मुलांना दरडावून सांगितलंत. माझा नातू मित्रांबरोबर जायचा रद्द झाला तो तुमच्या शब्दाखातर, माझ्या नव्हे.

25 जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये ठरवलेला बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये याल का? मुलं असतील, आईवडील असतील, वॉचमनही. दोर आणि रिकामे कॅन मी आणून ठेवते, बुडणाऱ्याकडे ते फेकायचे कसे हे तुम्ही दाखवा.

तुमची,
सकाळच्या महिला बॅचमधली एक काकू
नौपाडा, ठाणे